कानातला कापूस

टाचणीताईला सगळे टाचणीताईच म्हणत, कारण काम करताना तिच्या ओठांत कायम चार-दोन टाचण्या धरलेल्या असत आणि कुणी काही विचारलं तर ती नुसती मान हलवायची. उभा जन्म तिने शाळेचे गणवेश आणि इस्पितळाचे पडदे शिवण्यात घालवला होता. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. त्यात एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि एक आरसा, तोही असा की गिऱ्हाइकाला त्यात गळ्यापासून गुडघ्यापर्यंतच स्वतःचं दर्शन व्हायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात होता, आणि त्याच्या फोनमध्ये 'जेवलीस का' याच्यापुढे विषय सरकत नसे.

अशा बाईकडे एक दिवस सिनेमावाले आले.

सिनेमा एका दूधगाडीवाल्यावर होता. सरहद्दीपलीकडे पहिल्यांदा लढाई पेटली तेव्हा हा माणूस तिकडे दूध पोचवायचा आणि येताना रिकाम्या क्रेटांच्या मागे मुलं दडवून अलीकडे आणायचा. रस्ता बंद होईपर्यंत त्याने किती खेपा केल्या ते त्यालाही धड सांगता येत नसे. आता तो म्हातारा झाला होता आणि याच शहरात लेकीकडे राहत होता. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या गिरणीत सिनेमावाल्यांनी पडकी शाळा उभी केली होती. गाडीवाला मुलांना घ्यायला पोचतो ती शाळा. पलीकडची लढाई अजूनही मधूनमधून पेटत होती. मुलंही खरीच हवी होती, म्हणून तिकडून नव्याने पळून आलेल्या लोकांच्या वस्तीतूनच त्यांनी ती गोळा केली. त्या मुलांचे कपडे टाचणीताईने करायचे होते.

काम उफराटं होतं. आजवर तिने जुन्याचं नवं केलं होतं, आता नव्याचं जुनं करायचं. तिने नवेकोरे शर्ट चहाच्या पाण्यात उकळले, कोपरांवर खिसणी फिरवली, कॉलरींना मेणबत्ती घासली आणि शिवणी मुद्दाम उसवून वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने परत घातल्या. दिग्दर्शक तरुण होता, किडकिडीत, झोप न झालेल्या डोळ्यांचा. तो तिच्या टेबलाशी येऊन बसायचा आणि विचारायचा, "ताई, हा फ्रॉक कुठे फाटेल?" ती सांगायची आणि तो तसंच करायचा. आयुष्यात तिला एवढं कुणी विचारलं नव्हतं. सिनेमा संपल्यावर पडद्यावर तिचंही नाव येणार, असं त्याने एकदा जाता जाता सांगितलं. त्या दिवशी ती घरी गेली ती जमिनीपासून चार बोटं वरूनच.

वस्तीतल्या मुलांत एक मुलगी होती. बोलायची बेताचंच, पण शर्टाच्या गुंड्यांशी चाळा करायची सवय अशी, की माप घेईपर्यंत एक तरी गुंडी हातात आलेली असायची. टाचणीताईने तिचं नाव गुंडी ठेवलं आणि ते सगळ्यांनी उचललं. आईबाप पलीकडेच लढाईत गेले होते. ती मावशीजवळ राहायची. मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, म्हणजे टाचणीताईने शिवलेले पडदे धुणारी. दोघींची आधीपासून तोंडओळख होती.

मावशी एकदाच गिरणीत आली. तिची अट एकच होती. पोरीला मोठा आवाज चालत नाही, दार आपटलं तरी ती पांढरीफटक पडते, तेव्हा तेवढं बघा. दिग्दर्शकाच्या साहाय्यकाने तिला समजावलं की सिनेमात आवाज मागाहून घालतात. मावशीने त्याचं ऐकून घेतलं आणि वळून टाचणीताईकडे बघितलं.

"मी आहे ना," टाचणीताई म्हणाली.

मावशी त्यावर निश्चिंत होऊन गेली.

पुढे गुंडी चित्रीकरण नसलं तरी येऊन टेबलाखाली बसायची. चिंध्या वेगळ्या करायची, रिळं रंगाप्रमाणे लावायची. एकदा दोरा ओवता ओवता तिने आपणहून सांगितलं की तिची आई दोरा दाताने तोडायची, कात्रीने नाही. टाचणीताईने त्यावर काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने तिच्यादेखत दोरा दाताने तोडला, आणि पोरगी पहिल्यांदा हसली.

मग तो दिवस आला. सकाळी दिग्दर्शकाने तिला बाजूला घेतलं. शाळेवर बॉम्ब पडतो तो प्रसंग आज होता. छताचा एक तुकडा कोसळणार होता. सगळं थर्माकोल आणि धूळ, कुणाला खरचटणारही नाही, पण धमाका मात्र खरा होणार होता. ठिणगी उडाली तर पेट घेऊ नये म्हणून कपड्यांवर एक औषध फवारायचं होतं. मुलांना आधी कळता कामा नये.

"त्या मुलीला आवाज..." टाचणीताईने सुरुवात केली.

"ताई, मला माहीत आहे," तो म्हणाला. "एकदाच, आणि एक क्षण. सांगून घाबरवलं तर मुलं नाटक करतात, आणि नाटक बघून कुणाचं मन हलत नाही. हे त्यांच्यासाठीच चाललंय ना?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि गोम तिथेच होती. रात्र रात्र जागून तो त्या पोरांची गोष्ट जगासमोर मांडायला धडपडत होता. त्याच्यापुढे आपण कोण? एक गणवेश शिवणारी बाई. नाही म्हटलं तर उद्यापासून टेबलाशी येऊन कोण विचारणार, हेही तिच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला, तेच आधी आलं. ती मूग गिळून फवारणीला लागली.

मुलांच्या घोळक्यात लाइटवाल्याची धाकटीही होती, ठमी म्हणून. अजून नीट चालायलाही न शिकलेली, गुबगुबीत. तिला गुंडीच्या कडेवर द्यायचं ठरलं होतं. टाचणीताई ठमीच्या डोक्याला रुमाल बांधायला बसली तेव्हा तिला दिसलं की पोरीच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे आहेत. बापाला ठाऊक होतं. बापाने आपल्यापुरती तजवीज केली होती.

गुंडी शेजारीच उभी होती. तिनेही बघितलं.

"हिच्या कानात कापूस का?"

"कान फुटलाय तिचा," टाचणीताई टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

गुंडीने शर्टाची वरची गुंडी पिरगाळली. "आवाज होणार नाही ना?"

टाचणीताईच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने मान हलवली. नाही म्हणून. रुमाल खाली ओढला, त्यात कापूस झाकला गेला.

धमाका झाला तेव्हा ती कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. धुळीचा लोट उठला आणि मुलं किंचाळत सैरावैरा पळाली. गुंडी पळालीही नाही आणि किंचाळलीही नाही. तिने कडेवरच्या ठमीला जमिनीवर घातलं आणि स्वतः तिच्यावर पालथी पडली. दोन्ही तळहातांनी तिचे कान दाबून धरले. मग मान वर करून वर बघितलं, आणखी काही येतंय का म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. निदान या गिरणीत तरी नाही.

दिग्दर्शकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आसपासच्या माणसांना मिठ्या मारत तो म्हणत होता की सोनं मिळालं, सोनं. ठमीला तिच्या बापाने उचलून नेलं. गुंडीचे कपडे भिजले होते. टाचणीताईने तिला आडोशाला नेऊन पुसलं, कोरडे कपडे घातले. पोरगी बाहुलीसारखी हात वर करी, खाली करी. बोलली काहीच नाही.

संध्याकाळी तिला मावशीच्या दारात सोडताना टाचणीताई म्हणाली, जरा दमलीय.

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आली. वस्तीतल्या बाकीच्या मुलांकडून तिला कळायचं ते कळलं होतं. तिने आरडाओरडा केला नाही, ओढणीच्या टोकाशी खेळत दारातच उभी राहिली.

"तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना."

त्या वेळी खरं बोलणं हातात होतं. टाचणीताईने तोंड उघडलंही, पण बाहेर पडलं ते भलतंच. "मलाही सांगितलं नव्हतं हो त्यांनी."

मावशीचे खांदे सैल पडले. ती आत येऊन स्टुलावर बसली. पाणी मागून घेतलं. "म्हणजे तुम्हालाही फसवलं," ती म्हणाली आणि जाताना तिने टाचणीताईच्या हातावर हात ठेवला. जिचा घात केला तीच आपली समजूत घालून गेली. टाचणीताईला वाटलं, त्यापेक्षा हिने दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतरचे महिने तिने तोंड चुकवण्यात काढले. इस्पितळाचे पडदे द्यायचे असले की मावशीची कामाची पाळी नसेल ती वेळ साधायची. बातम्या मात्र कानावर यायच्या. गुंडी खाटेवर झोपत नाही, खाटेखाली झोपते. शाळेत जाते, पण तोंड उघडत नाही. मावशीने डॉक्टरणीला दाखवलं. ती म्हणाली वेळ लागेल. टाचणीताईने कुणाच्या हाती बिस्किटं पाठवली, चित्रांची पुस्तकं पाठवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. दुकानासमोरून लहान मुलांचा घोळका गेला तरी ती मशीनवर मान घालायची.

सिनेमा लागला. दुपारच्या खास खेळाला काम केलेल्या सगळ्यांना बोलावणं होतं. वस्तीतलेही बरेच आले होते, मावशी आणि गुंडी सोडून. पुढच्या रांगेत खरा दूधगाडीवाला लेकीसोबत बसला होता. सगळे त्याला काका म्हणत होते आणि तो अवघडून कोटाच्या बाह्या खाली ओढत होता.

सिनेमा चांगला होता. तेच तर तिला सोसवेना. वाईट असता तर तिने त्याच्यावर राग काढला असता. मग तो प्रसंग आला. गुंडीचा चेहरा अख्ख्या पडद्याएवढा झाला, धुळीने माखलेला, वर बघणारा. थिएटरात हुंदके फुटले. शेजारच्या अनोळखी बाईने टाचणीताईचा हात घट्ट धरला आणि रडत रडत म्हणाली, "किती छान काम केलंय हो पोरीने." टाचणीताईला तो हात सोडवूनही घेता येईना. शेवटी नावं आली. तिचंही आलं, अगदी स्वच्छ अक्षरांत. तिने ते वाचलं आणि दिवे लागायच्या आधीच ती उठली.

बाहेर दिग्दर्शक लोकांच्या गराड्यात होता. ती घुसत त्याच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, तेवढा तुकडा काढून टाका. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो तिला बाजूला घेऊन गेला. परगावच्या खेळांनंतर लोकांनी वस्तीच्या शाळेसाठी इतकी मदत पाठवली होती की पत्रे जाऊन पक्कं छप्पर चढत होतं. "त्या एका चेहऱ्यामुळे, ताई," तो म्हणाला. "मलाही त्या दिवसाचं वाईट वाटतं. पण आता तो काढून कुणाचं भलं होणार?" तो परत गराड्यात गेला.

थिएटरच्या पायऱ्यांवर दूधगाडीवाले काका एकटेच उभे होते, लेक गाडी आणायला गेली होती. टाचणीताई त्यांच्याजवळ थांबली. तिला वाटलं, हा माणूस तरी समजून घेईल. यानेही त्या लढाईत पोरांना काहीबाही थापा मारल्याच असतील. तिने सगळं सांगून टाकलं, कापसासकट. आणि शेवटी विचारलं, "तुम्हीही कधी खोटं बोलला असाल ना त्यांच्याशी?"

"बोललो की," काका म्हणाले. "पलीकडे तुमच्या आया येणार आहेत म्हणालो. काहींच्या आल्या नाहीत. त्यांतला एक अजून माझ्याशी बोलत नाही. मोठा झालाय, दुकान आहे त्याचं." त्यांनी कोटाची बाही खाली ओढली. "आवाजाचं मात्र सांगायचो. होईल म्हणायचो. झाला की मागून पत्र्यावर बुक्की मारा, म्हणजे मला कळेल तुम्ही आहात. खरं तर मलाच भीती वाटायची. बुक्क्या ऐकल्या की जरा धीर यायचा." ते सिनेमात नव्हतं. दिग्दर्शकाला ते हसू येण्यासारखं वाटलं होतं.

टाचणीताईला माफी हवी होती, ती काही मिळाली नाही. लेक गाडी घेऊन आली तेव्हा काका म्हणाले, "ती पोरगी राहते कुठे? चला, सोडतो तुम्हाला."

आज नको, असं ती म्हणणार होती. पण काकांनी दार उघडून धरलं होतं, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या होत्या.

मावशी नुकतीच कामावरून आली होती, बाह्या अजून ओल्याच होत्या. टाचणीताईने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. "मला ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं त्यांनी. तिने मला आवाजाचं विचारलं आणि मी नाही म्हणाले. आणि तुमच्याशीही खोटं बोलले."

मावशीच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी थकवा आला. "त्या दिवशी मी तुमच्याकडून घरी आले," ती सावकाश म्हणाली, "आणि हिला म्हणाले, ताईंनाही माहीत नव्हतं. ताईंचा राग धरू नको." मग ती दारातून बाजूला झाली. "मला काय सांगता? तिला सांगा."

गुंडी खाटेखाली होती. टाचणीताई आधी गुडघ्यांवर आणि मग चक्क जमिनीवर आडवी झाली. फरशी गार होती. आत अंधारात दोन डोळे तेवढे दिसत होते.

"तू मला विचारलंस तेव्हा मला माहीत होतं आवाज होणार ते," ती म्हणाली. पुढे पुष्कळ बोलायचं तिने गाडीत ठरवलं होतं, पण शब्द सुचेनात. "मी खोटं बोलले. तुझी काही चूक नव्हती."

दारापाशी काका उगाच चपला सरळ करत होते. मग खाटेखालून आवाज आला, इतक्या महिन्यांत न वापरल्यामुळे घोगरा झालेला.

"त्या बाळाचा कान?"

टाचणीताईला क्षणभर कळेना.

"आधीच फुटला होता ना. मी दाबून धरला. पण पुरलं नाही बहुतेक. तिला उचलून नेलं, ती हलत नव्हती." गुंडी थांबली. "ती परत आलीच नाही."

इतके दिवस टाचणीताईला वाटत होतं की पोरगी धमाक्याने गप्प झाली. पोरगी एका बाळाचं मरण छातीवर घेऊन या खाटेखाली पडली होती. धमाका त्यांचा होता, पण हे मरण आपल्या थापेतून जन्मलं होतं.

"तिचा कान फुटलाच नव्हता," ती म्हणाली. "तेही मी खोटंच सांगितलं. आवाज होणार म्हणून तिच्या वडिलांनी कापूस घातला होता. बाळ धडधाकट आहे."

आत कूस बदलल्याची सळसळ झाली.

"तुम्ही खोटं बोलता," गुंडी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. नुसतीच नोंद होती.

टाचणीताई उठली, कपडे न झटकताच बाहेर पडली, आणि काकांच्या लेकीने गाडी लाइटवाल्याच्या घराकडे वळवली. लाइटवाला अंगणात बसून वायरी गुंडाळत होता. त्याला सगळं ऐकवल्यावर तो खाली बघत म्हणाला की कापूस त्याच्याकडे पुष्कळ होता, सगळ्या मुलांना पुरला असता. एवढंच म्हणाला, आणि ठमीला उचलून गाडीत बसला.

ठमी आता तुरुतुरु चालत होती. मावशीच्या घरात शिरल्या शिरल्या तिने खाटेखाली वाकून बघितलं आणि आत कुणी आहे म्हटल्यावर खेळच समजून रांगत आत गेली. बाहेर मोठी माणसं वाट बघत उभी होती. आतून ठमीचं खिदळणं आलं. गुदगुल्या झाल्यासारखं. मावशीने वाकून बघितलं आणि हळूच सांगितलं की गुंडी तिचे कान तपासतेय, एकदा हा, एकदा तो, बोट घालून.

थोड्या वेळाने गुंडी ठमीला धरून बाहेर आली. कुणाकडे न बघता तिने विचारलं, "हिला भूक लागली असेल. बिस्किटं आहेत?" मावशी स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळली आणि तिथेच, पाठ करून, रडत राहिली.

सगळं एकदम बरं झालं असं मात्र नाही. गुंडी खाटेवर झोपायला लागायला हिवाळा यावा लागला. ठमी अधूनमधून येत राहिली. काकाही यायचे, पायऱ्यांवर बसून गुंडीला कसल्या कसल्या गोष्टी सांगायचे, आणि ती मध्येच त्यांच्या पाठीत बुक्की मारून हसायची. सिनेमाला बक्षिसं मिळाली. शाळेवर छप्पर चढलं. त्याच्याखाली गुंडी बसते, आणि पावसात वर्ग सोडावा लागत नाही, हे खरंच आहे. दिग्दर्शकाने नव्या सिनेमासाठी माणूस पाठवला होता. टाचणीताईने त्याला चहा पाजून परत धाडलं.

मावशीने तिला यायला मनाई केली नाही. या म्हणाली नाही आणि नका येऊ असंही म्हणाली नाही. टाचणीताई आठवड्यातून एकदा जाते. गुंडी तिच्याशी नीट बोलते, पाणी आणून देते, शाळेतलं सांगते. पाहणाऱ्याला वाटावं, झालं गेलं विसरली.

परवा शाळेला निघताना ती दारात चपला घालत होती. टाचणीताई खिडकीशी बसली होती. ती सहज म्हणाली, "बाहेर गार वारा सुटलाय गं, स्वेटर घालून जा."

गुंडीने मावशीकडे बघितलं.

मावशीने खिडकीतून हात बाहेर काढला, वारा अंदाजला आणि मान डोलावली. मग गुंडी आत जाऊन स्वेटर घेऊन आली.